इंजिनीअरिंगच्या पोरांना समाजशास्त्र कशाला?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं वेळापत्रक हाती आलं की हल्ली बऱ्याच घरांत भुवया उंचावतात. गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग हे ठीक आहे. पण त्यांच्याच रांगेत मानवी मूल्यं, अर्थशास्त्र, संविधान, भारतीय ज्ञानप्रणाली ही नावं काय करतायत? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून ती जास्तच डोळ्यांत भरू लागली आहेत, कारण आयआयटीसारख्या संस्थांनीसुद्धा कला आणि मानव्यविद्यांना अधिक जागा द्यावी असं त्या धोरणात स्पष्ट लिहिलं आहे. पालकांचा सवाल सरळ असतो. ‘एवढी फी भरतोय ती पोराला कोडिंग यावं म्हणून. नागरिकशास्त्राची पीडा दहावीला संपली होती ना?’

हा सवाल रास्त आहे आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास होतो’ असलं गुळमुळीत उत्तर देऊन तो टोलवणं बरं नाही. माझ्या मते हे विषय इंजिनीअरच्या मुख्य कामाचाच भाग आहेत. ते कसे, हे टप्प्याटप्प्यानं बघू.

आधी शब्दांची ओळख

मानव्यविद्या म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र. सामाजिक शास्त्रं म्हणजे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र. कॉलेजात या सगळ्यांना मिळून ‘ह्युमॅनिटीज’ म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

दुसरा शब्द क्रेडिट. आठवड्याला एक तास लेक्चर असं एक सत्र चाललं की एक क्रेडिट होतं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०१८ मध्ये जो नमुना अभ्यासक्रम दिला, त्यात चार वर्षांची मिळून १६० क्रेडिट होती. त्यांतली ह्युमॅनिटीजच्या वाट्याला आलेली १२, आणि त्या बारांतच इंग्रजी आणि व्यवस्थापनही बसवलेलं. संविधान आणि पर्यावरण हे विषय सक्तीचे, पण त्यांना क्रेडिट शून्य.

पक्ष कुणी लिहून दिला?

शाळेतली भूमिती आठवा. प्रमेय सोडवताना वर ‘पक्ष’ लिहायचा, खाली ‘साध्य’, मग सिद्धता. काय गृहीत धरायचं आणि काय सिद्ध करायचं हे पुस्तकानं आधीच ठरवलेलं असतं. आपलं काम तेवढी सिद्धता लिहिण्याचं.

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतही बहुतेक वेळ हेच चालतं. एवढा भार, एवढा स्पॅन, बीम डिझाइन करा. एवढा डेटा, एवढी मेमरी, प्रोग्रॅम लिहा. नोकरीला लागल्यावर मात्र पक्ष कुणी लिहून देत नाही, किंवा कुणीतरी घाईत, आपल्या सोयीनं लिहिलेला असतो. रस्ता कुणासाठी? पाणी कुठल्या वस्तीला आधी? ‘कार्यक्षम’ म्हणजे कमी खर्च, कमी वेळ की कमी अपघात? या प्रश्नांची उत्तरं गणितात सापडत नाहीत. ती ठरल्यावर गणित सुरू होतं. पक्ष आणि साध्य तपासायची शिस्तशीर सवय लावतात ते ह्युमॅनिटीजचे विषय. पक्षातच खोट असेल, तर पुढची सिद्धता कितीही बिनचूक असली तरी तिचा उपयोग नसतो.

नायगावची गोष्ट

१९७२ च्या दुष्काळात पुण्यातले एक इंजिनीअर-उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरत होते. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, आणि खडी फोडून पुढच्या वर्षी शेतात पाणी येणार नव्हतं. साळुंख्यांनी नायगावात देवस्थानची पडीक जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि पाणी उपसून वर चढवलं. ज्या माळावर कुसळांपलीकडे काही येत नव्हतं तिथं धान्य पिकलं.

इथपर्यंतचं सगळं इंजिनीअरिंग आहे, आणि उत्तम इंजिनीअरिंग आहे. पण गावोगावी सामुदायिक उपसा सिंचन योजना करायची वेळ आली, तेव्हा खरा प्रश्न समोर आला. पाणी थोडं, घेणारे पुष्कळ. वाटायचं कसं?

रुळलेली पद्धत अशी की ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. पाणी जमिनीला चिकटलेलं. साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं हा पक्षच बदलला. पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता घरातल्या माणसांच्या हिशेबानं द्यायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही, कारण उसाला वर्षभर पाणी लागतं आणि एका उसाच्या फडाच्या पाण्यात कित्येक एकर ज्वारी-बाजरी निघते. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उभा करायचा.

यातला एकही नियम पंपाच्या माहितीपुस्तिकेत नाही. तरीही प्रत्येक नियम थेट ड्रॉइंगमध्ये उतरतो. पाणी जमिनीबरोबर जाणार असेल तर मोठी पाइपलाइन दोन-तीन मोठ्या रानांकडे वळवली की काम झालं. तेच पाणी माणशी द्यायचं ठरलं की जाळं पसरतं, व्हॉल्व्ह वाढतात, पाळ्या लावाव्या लागतात, पाळी पाळली जाते की नाही हे पाहणारा पाटकरी नेमावा लागतो. ऊस बंद म्हटल्यावर उन्हाळ्यातली मागणी उतरते आणि पंपाची अश्वशक्तीसुद्धा बदलते. न्यायाचा प्रश्न आणि पाइपच्या व्यासाचा प्रश्न एकाच कागदावर येतात.

पुढे सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. तरी पाण्याच्या समान वाटपाची चर्चा महाराष्ट्रात निघाली की आजही नायगावचं नाव घ्यावं लागतं, ते तिथल्या पंपासाठी नव्हे. वाटपाच्या नियमासाठी.

उलट उदाहरण सुधारित चुलीचं. १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं धूर कमी करणाऱ्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, कोट्यवधी चुली वाटल्या आणि २००२ च्या सुमारास कार्यक्रम गुंडाळला. पुढे ओडिशात अशाच सुधारित चुलींचा काही वर्षं बारकाईनं अभ्यास झाला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, मग फरक ओसरत गेला. लोक चुली नियमित वापरत नव्हते आणि त्यांची देखभालही करत नव्हते. प्रयोगशाळेत चूल पास झाली होती. पण कुठल्या पातेल्यात काय शिजतं, धुराड्याची काजळी कोण काढणार, फुटलेली चूल लिंपायला घरातल्या बाईला वेळ कधी मिळणार, हे तिथं मोजलं जात नाही.

‘आम्ही तर कॉम्प्युटरवाले, आमचा गावाशी काय संबंध?’

सध्या सगळ्यांची धाव कॉम्प्युटर आणि एआयकडे आहे, म्हणून हा आक्षेप वारंवार येतो. पण पक्ष चुकण्याचा धोका तिथं जास्त आहे, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरची तपासणी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. कुठल्या रुग्णाला जादा देखरेखीची गरज आहे हे ते सॉफ्टवेअर गुण देऊन सुचवत असे. त्यात वंशाचा रकाना नव्हता, म्हणजे कागदोपत्री भेदभावाला जागाच नव्हती. तरीही सारखेच गुण मिळालेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांची तुलना केली तेव्हा कृष्णवर्णीय रुग्ण बरेच जास्त आजारी निघाले.

झालं काय होतं? आजार किती गंभीर आहे हे थेट मोजणं अवघड. म्हणून प्रणाली बनवणाऱ्यांनी सोपी गोष्ट धरली, उपचारावरचा खर्च. जास्त खर्च म्हणजे जास्त आजारी. वरवर पटतं. पण ज्यांना दवाखाना परवडत नाही, रजा मिळत नाही, डॉक्टरवर विश्वास वाटत नाही, त्यांच्यावरचा खर्च आजारी असूनही कमीच असतो. कोडमध्ये बग नव्हता. खर्च म्हणजे आजार, हे गृहीतक चुकीचं होतं. संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की ही तफावत दूर केली तर जादा देखरेखीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं.

ही चूक पकडायला कुठलं उच्च गणित लागत नाही. ‘कमी खर्च कुणाकुणाचा होतो?’ एवढा एक प्रश्न लागतो, आणि अर्थशास्त्र-समाजशास्त्राच्या वर्गात तो पहिल्या महिन्यातच शिकवतात. आपल्याकडे नोकरीचे अर्ज गाळणारी, कर्ज मंजूर करणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुलांनी हाच प्रश्न विचारायला हवा. नोकरीत खंड पडला म्हणजे उमेदवार भरवशाचा नाही असं कुणी धरलं, तर बाळंतपणासाठी थांबलेल्या बायका आपोआप मागे पडतात, आणि तेही ‘स्त्री’ हा शब्द कोडमध्ये कुठंही न लिहिता.

हे नवं फॅड आहे का?

नाही. पण न शिकवण्यालाही इतिहास आहे. पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज १८५४ मध्ये सुरू झालं ते सरकारी बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायला. कालवा कुठं काढायचा, कशासाठी, हे वर ठरणार आणि खालच्यानं तो नीट बांधायचा. अशा माणसाला प्रश्न विचारायला शिकवणं साहेबाच्या सोयीचं नव्हतंच. आपल्या इंजिनीअरिंग शिक्षणाच्या हाडात ती सवय आजही आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारं बदललं. अणुबॉम्बनंतर तंत्रज्ञान आणि समाज वेगळे ठेवता येत नाहीत हे अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या संस्थेलाही पटलं. तिथल्या लुईस समितीनं १९४९ मध्ये शिफारस केली आणि १९५० मध्ये ह्युमॅनिटीज आणि समाजशास्त्रांचं स्वतंत्र स्कूल उभं राहिलं. आज तिथल्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला या गटातले किमान आठ विषय पूर्ण करावे लागतात, मग तो रोबो बनवो की रसायनं. आपल्या आयआयटींची कल्पना मांडणाऱ्या, नलिनी रंजन सरकार यांच्या समितीसमोर एमआयटीचाच नमुना होता. १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली, आणि पुढच्या आयआयटींतही ह्युमॅनिटीजचे विभाग अगदी सुरुवातीपासून आहेत. आपल्या राज्यातल्या शेकडो कॉलेजांनी आयआयटीकडून प्रवेश परीक्षेची धास्ती तेवढी घेतली, हा भाग घेतला नाही.

२०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला. एका देशातली मान्यताप्राप्त इंजिनीअरिंग पदवी दुसऱ्या देशानं समकक्ष मानावी यासाठीचा हा करार आहे. पदवीधराला काय काय यायला हवं, याची जी यादी त्यासाठी पाळावी लागते, तिच्यात समाज, पर्यावरण, नीतिमत्ता आणि संवाद यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत.

‘मूळ विषयांचा वेळ खाल्ला जातो’

१६० मधली १२ क्रेडिट म्हणजे साडेसात टक्के. त्यातून इंग्रजी आणि व्यवस्थापन वजा करा, राहतात दोन-तीन विषय. मूळ विषय कच्चे राहतात हे खरं आहे. पण बंद पडलेली यंत्रं, रेडीमेड जर्नलं आणि पाठांतरावर निघणारे पेपर ही त्याची कारणं आहेत. आठवड्यातले दोन-तीन तास अर्थशास्त्राला दिल्यानं थर्मोडायनॅमिक्स कच्चं राहत नाही.

‘याने नोकरी मिळते का?’

पहिली नोकरी? बहुतेक वेळा नाही. कॅम्पसच्या चाचणीत ॲप्टिट्यूड आणि कोडिंग विचारतात, समाजशास्त्र विचारत नाहीत. याबाबत पालकांना खोटी आशा दाखवू नये.

फरक पुढे पडतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणीला सामोरं जावं लागतं. मंडपात समोर बसलेल्या मच्छीमारांना आणि बागायतदारांना प्रकल्प समजावून सांगायला अखेर इंजिनीअरच उभा राहतो. जैतापूर, नाणार, बारसू इथले वाद आठवा. कोण बरोबर, कोण चूक हा मुद्दा बाजूला ठेवला तरी भांडण जमीन, मासेमारी, आंब्याच्या बागा आणि विश्वास यांवर होतं. तिथं ‘लोकांना तंत्रज्ञान कळत नाही’ एवढंच म्हणणारा इंजिनीअर आपल्या कंपनीच्याही कामाचा नसतो.

‘नीतिशास्त्र वाचून माणूस प्रामाणिक होतो का?’

होत नाही. त्यासाठी ते शिकवतही नाहीत.

चॅलेंजर यानाचा अपघात घ्या. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थिओकोल कंपनीतले इंजिनीअर सांगत होते की थंडी फार आहे, सांध्यातल्या रबरी कड्या कडक पडतील, सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका. मग नासाचा दबाव आला. कंपनीच्या एका वरिष्ठानं दुसऱ्याला सांगितलं की इंजिनीअरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. होकार गेला. सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान जेमतेम २ अंश होतं. ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

त्या खोलीतल्या इंजिनीअरांना शास्त्र येत होतं आणि प्रामाणिकपणाही होता. मग चुकलं कुठं? याचा पुढे सखोल अभ्यास केला तो डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी. आधीच्या उड्डाणांतही त्या कड्या जळाल्याचं दिसलं होतं, पण यान सुखरूप परतलं होतं. दर वेळी ‘एवढं चालतं’ची रेषा थोडी पुढे सरकली. कुणी एक खलनायक नव्हता. नेहमीच्या बैठका आणि नेहमीचे अहवाल यांमधूनच धोका अंगवळणी पडत गेला. संस्था अशा घसरतात कशा, हे ओळखायला शिकवणं हा त्या वर्गाचा उद्देश. साइटवर ‘मागच्या वेळी चाललं होतं ना’ हे वाक्य कानावर आलं की सावध व्हावं, एवढं जरी मुलांमध्ये उतरलं तरी ती क्रेडिट वसूल झाली.

खरा आक्षेप: शिकवतात कसं?

इथं मात्र टीकाकारांशी माझं भांडण नाही. अनेक कॉलेजांत हा विषय ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या गळ्यात पडतो. मागच्या वर्षीच्या पीडीएफ फिरतात, परीक्षा पर्यायी उत्तरांची. ‘पुढीलपैकी मूल्य कोणते?’ असल्या प्रश्नांनी मुलांच्या मनात या विषयांबद्दल कायमची तुच्छता बसते. त्यापेक्षा विषय नसलेला बरा. शून्य क्रेडिट देऊन संविधान सक्तीचं करणं म्हणजे मुलांना सांगणंच आहे की हे महत्त्वाचं नाही.

चांगलं शिकवायचं तर मुलांना एखाद्या खऱ्या प्रश्नासमोर उभं करावं लागतं. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागाच्या तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे, आणि तिथले विद्यार्थी अभ्यासासाठी गावांत जातात. कुठल्याही कॉलेजला जवळच्या एखाद्या नळयोजनेवर असं काम करता येईल. कागदावर योजना सोपी असते. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. लोकसंख्या गुणिले ५५, त्यात पुढच्या वाढीची भर, झाली टाकी. आता मुलांना पहाटे टाकीपासून शेवटच्या वाडीपर्यंत चालत पाठवा. गावठाणात नळाला मोटर लावलेली दिसेल. वाडीवर पाण्याची बारीक धार दिसेल, नाहीतर कोरडा नळ. गोठ्यात म्हैस दिसेल. दुभती म्हैस दिवसाला पन्नास लिटर सहज पिते आणि माणशी निकषात ती नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाणीपट्टीची थकबाकी दिसेल, तिच्यामुळे थकलेलं विजेचं बिल दिसेल, आणि पंप का बंद पडतो ते कळेल. सरासरी ५५ लिटर भरत असतीलही, पण सरासरीनं कुणाचा हंडा भरत नाही. हे पाहून आलेली मुलं हायड्रॉलिक्सच्या तासाला वेगळे प्रश्न विचारतात. शेवटच्या नळावर दाब किती राहतो हा प्रश्न मग त्यांचा स्वतःचा असतो.

यासाठी सिव्हिलचे आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक एकत्र यावे लागतात, आणि ते आपल्याकडे कठीण आहे. विनाअनुदानित कॉलेजांत ह्युमॅनिटीजचा पूर्णवेळ माणूस नेमणं हा ‘वायफळ खर्च’ समजतात. विद्यापीठांनी हा खर्च मान्यतेच्या अटींत घालावा असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवेश घेताना काय विचारायचं?

प्लेसमेंटचे आकडे विचारालच, ते विचारा. त्याबरोबर ह्युमॅनिटीज कोण शिकवतं, पूर्णवेळ आहे का, हे विचारा. परीक्षेत लिहावं लागतं की गोल रंगवायचे असतात? शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मुलं कधी कॉलेजच्या फाटकाबाहेर जातात का? गेल्या वर्षीचे दोन-तीन प्रोजेक्ट रिपोर्ट दाखवा म्हणावं, आणि ते यंत्र किंवा ॲप नेमकं कोण वापरणार, त्या माणसाशी मुलं बोलली होती का, हे त्यात कुठं लिहिलंय का ते बघा.